भिंतीवरचाच द्या

आमच्या घरात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची पद्धत नाही. ही तक्रार नव्हे, मी कौतुकानं सांगते आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या जन्मात पिशवीतलं दूध तोंडाला लावलं नाही. रोज संध्याकाळी कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं. तिथं म्हशी उभ्या असतात, गवळी आपल्यासमोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. तो उभ्याउभ्याच प्यायचा आणि मिशा पुसत घरी यायचं. बाहेरगावच्या लोकांना त्याची गंमत वाटते, ते फोटो काढतात. आम्हाला त्यात गंमतबिंमत काही दिसत नाही. धार आपल्या डोळ्यांदेखत निघाली की मध्ये पाणी घालायला कुणाला सवडच मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जे डोळ्यांदेखत निघालेलं नाही त्या सगळ्यात थोडंफार पाणी असणारच, असं आबांचं म्हणणं. दुधाचं तेच भाजीचं, तेच नात्यागोत्याचं.

मी त्यांचीच लेक. एका सहकारी बँकेत नोकरी केली, आणि तिथं माझं मुख्य काम चेकवरची सही जुन्या सहीशी ताडून बघणं. वेलांटी जरा वेगळी वळली की मी चेक बाजूला काढायची, मग समोर कितीही मोठा माणूस असो. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणोत बापडे. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांवरही आम्ही दोघं संशयच घेतो. आई गेल्यापासून घरात आबा आणि मी, दोघंच.

आबांची खरी ओळख मात्र वेगळी. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना कुस्ती आठवते, पण पेठापेठांत खरी डोकी फुटायची वेळ येते ती फुटबॉलवरून. त्या सामन्यांत आबा कितीतरी वर्षं लाइनमन होते. कडेच्या पांढऱ्या रेषेवर झेंडा घेऊन धावायचं, बॉल बाहेर गेला की झेंडा वर, पोरगा ऑफसाइड असला की झेंडा वर. दोन्ही पेठांची माणसं त्यांना सारख्याच शिव्या घालायची आणि आबा ते अभिमानानं सांगायचे. नजर समोर ठेवायची आणि लक्ष कडेला, हे त्यांचं कसब. रस्त्यानं चालताना मागून येणारी सायकल त्यांना माझ्याआधी कळायची. लहानपणी ताटातली नावडती भाजी मी त्यांच्या शेजारी बसून कधीच लपवू शकले नाही. वर्तमानपत्र वाचता वाचता ते म्हणायचे, खा ती.

झेंडा खाली ठेवून बरीच वर्षं झाली तरी मैदानावर त्यांना मान होता. वाद झाला की गॅलरीतली माणसं वळून विचारायची, आबा, काय म्हणताय? मागच्या हंगामात एका सामन्यात असाच वाद झाला. आबा म्हणाले, बॉल आत होता. लगेच कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला, आणि त्यात बॉल चांगला वीतभर बाहेर होता. कुणी वाईट बोललं नाही. एक जण फक्त हसून म्हणाला, आबा, आता घरात बसून टीव्हीवर बघत जावा. तेवढंच. आबा घरी आले, चप्पल काढली आणि त्यानंतर मैदानावर गेले नाहीत.

मी त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथं त्यांनी भिंतीवरची अक्षरं शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवली. दुकानदारानं शाबासकी दिली. म्हणजे डोळा चांगला आहे, असं आम्ही ठरवलं. पण आबांच्या मनातून ते जाईना. आपला डोळा आपल्याला फसवायला लागलाय का, हा एकच प्रश्न त्यांना खात होता आणि त्यांच्याबरोबर मलाही. कारण ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्या कशावर भरवसा टाकला नाही, त्याचा डोळ्यांवरचा भरवसा गेला तर त्याच्यापाशी उरणार काय, हे मला कळत होतं. म्हणून मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं. पेठेतले सामने आता मोबाइलवर दिसतात, तेच मोठ्या पडद्यावर लावायचे आणि बघायचं, आबांना रेषा दिसते की नाही.

दुकानात भिंतभर टीव्ही लावले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र. कापलेलं डाळिंब, मधाची धार, रंगीबेरंगी पोपट. आमच्या आवाक्यातला होता तो फोर-केमधला अगदी पहिल्या पायरीचा, पण पोपटाचं पीस न् पीस त्याच्यावरही दिसत होतं. आबांनी हात मागं बांधून बराच वेळ पोपट बघितला. मग फुटबॉल लावा म्हणाले. दुकानदारानं पेन ड्राइव्हवरचा कुठल्यातरी परदेशी सामन्याचा तुकडा लावला. गवताची पातीसुद्धा वेगवेगळी दिसत होती. आबा खूश झाले. द्या म्हणाले. दुकानदारानं आतून एक बंद खोकं आणायला सांगितलं.

तिथं घोटाळा झाला. आबांनी खोक्याकडं असं बघितलं, जसं ते दुधाच्या पिशवीकडं बघतात.

"ह्ये न्हाई," ते म्हणाले. "भिंतीवरचाच द्या."

दुकानदार आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की पावणं गंभीर आहेत. त्यानं समजवायला सुरुवात केली. भिंतीवरचा कित्येक महिने सकाळी शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू असतो, तोही पूर्ण उजेडावर. त्याच्या आतले दिवे झिजलेत. खोक्यातला कोरा करकरीत आहे, तुमच्याच नशिबाचा आहे. तो जितकं समजवत होता तितका आमचा संशय घट्ट होत होता. ह्याला बंद खोकंच का गळ्यात मारायचंय? आत काय आहे ते ह्यानं तरी कुठं बघितलंय? आबांनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं बघितलं, आणि आयुष्यभर सह्या ताडलेल्या बाईच्या थाटात मी सांगितलं की जो दिसतोय तोच हवा. शेवटी त्यानं हात टेकले. टीव्ही आमच्यासमोर भिंतीवरून उतरवला, आमच्यासमोर बांधला आणि टेम्पोत चढवला. वाटेत कुणी बदलू नये म्हणून आम्ही टेम्पोच्या मागोमाग रिक्षा लावली. घरी पोहोचेपर्यंत आबांनी त्या गाठोड्यावरची नजर काढली नाही.

एवढं शहाणपण अख्ख्या कोल्हापुरात आम्हालाच सुचलं असेल. दुकानदार खरं बोलत होता.

घरी टीव्ही लावला आणि पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. केबलवर बातम्या लावल्या तर निवेदिकेच्या तोंडावर कुणीतरी ओला बोळा फिरवल्यासारखं दिसत होतं. दर थोड्या वेळानं पडद्यावर आपोआप पट्टी यायची आणि टीव्हीच स्वतःची जाहिरात करायचा. कंपनीचा मेकॅनिक आला. तो म्हणाला, हा अजून दुकानातल्याच सेटिंगवर आहे, तिथं भडक दिसावा म्हणून तसा ठेवतात. त्यानं तो घरातल्या सेटिंगवर आणला आणि चित्राची सगळी रया गेली. डाळिंब असतं तर चिंचेसारखं दिसलं असतं.

मग मी मागंच लागले. केबलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, ताई, तुमचा टीव्ही फोर-के असला तरी माझा एकपण चॅनल फोर-के नाही. थोडक्या ठिपक्यांचं चित्र येतं आणि एवढा मोठा पडदा भरायचा म्हणून उरलेले ठिपके टीव्ही स्वतःच्या मनानं घालतो. मला ते समजून घ्यायला वेळ लागला. आबांना एका क्षणात समजलं.

"म्हंजे पाणी घालतोय की," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आबांचा त्या टीव्हीवर राग बसला आणि खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. दोष टीव्हीत आहे. आबांचा डोळा चांगला आहे. मी रोज त्या टीव्हीची नवी खोड शोधून काढायला लागले आणि ती सापडली की मला आनंद व्हायचा. सामना लावला की बॉलच्या मागं शेपटी दिसायची. चौकशी केली तर कळलं, खोक्यावर वेगाचा जो मोठा आकडा छापतात तो जाहिरातीचा, आतल्या पडद्याचा खरा वेग त्याच्या निम्मा. एक सिनेमा लावला तर कोपऱ्यात एचडीआर अशी ऐटदार अक्षरं उमटली, म्हणजे म्हणे जास्त उजेडाचं चित्र, आणि ते उजळायचं सोडून आणखी काळवंडलं. टीव्हीला ते चित्र ओळखता येत होतं, दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडं नव्हता. बाजूच्या खुर्चीवर बसलं की रंग पांढुरके पडायचे, म्हणून मला आणि आबांना कोचावर एकमेकांना चिकटून, अगदी मधोमध बसावं लागायचं. यातलं काही म्हणजे काही खोक्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं असतं तरी आम्ही खोकं घेतलंच नव्हतं.

आबांची मुख्य तक्रार मात्र कडांची होती. मधलं मैदान दिसतंय, म्हणायचे, पण कडा काळ्या. कडेनं पळणारा विंगवरचा पोरगा मध्येच गायब होतोय. रेषाच दिसत न्हाई तर मी बघू काय? मी मेकॅनिकला पुन्हा बोलावलं. त्यानं पडदा पूर्ण पांढरा केला, खोलीतला दिवा घालवला आणि म्हणाला, बघा ताई. खरंच, चारही कोपरे मळकट होते, चुलीजवळच्या भिंतीसारखे. या किमतीच्या टीव्हीत मागं सगळीकडं दिवे नसतात, फक्त खालच्या कडेला असतात, त्यांचा उजेड कोपऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि हा पीस तर आधीच झिजलेला, असं त्यानं सांगितलं. आबा मागून म्हणाले, बघ, मी म्हणत होतो की न्हाई? त्यांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. किती तरी महिन्यांनी ते खरे ठरले होते.

मी कंपनीला तक्रार केली. फोनवर फोन केले. पलीकडून गोड आवाजात सांगितलं जायचं की मॅडम, हे या श्रेणीत नॉर्मल आहे. मी म्हणायचे, आमच्याकडं अंधाराला नॉर्मल म्हणत नाहीत. कोपऱ्यांचे फोटो काढून पाठवले. एकदा तर मी त्या बाईला इतकं बोलले की आबांनी आतून ओरडून सांगितलं, अगं, ती बी कुणाची तरी लेक असंल. पण मी सोडणार नव्हते. हा पडदा बदलून घ्यायचाच. कारण पडदा बदलला की आबांना रेषा दिसणार होती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकत होती. आबा म्हणायचे विंगवरचा पोरगा गायब झाला आणि मला तो दिसत असायचा. अंधुक दिसायचा, पण दिसायचा. मी स्वतःची समजूत घातली, तक्रारीला जोर यावा म्हणून आबा जरा चढवून सांगत असतील. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा, तेव्हा ते नव्या चपलांना शिव्या द्यायचे आणि मी म्हणायचे, बदलून आणू. बँकेत एक वेलांटी चुकली तर चेक अडवणारी मी, आणि घरात मला काही दिसत नव्हतं. कारण प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं, आणि बहुतेक कारणं भिंतीवर टांगलेली होती.

मग एका संध्याकाळी मी आबांबरोबर कट्ट्यावर गेले. एरवी ते एकटेच जायचे. गवळी ओळखीचा, आबांचा पेला तो न सांगता भरायचा. त्यानं धार काढली, पेला भरला आणि आबांच्या डाव्या बाजूनं पुढं केला. आबा समोर म्हशीकडं बघत उभे राहिले. गवळ्यानं हात तसाच धरला. फेस हळूहळू खाली बसायला लागला.

"आज काय धार निघंना व्हय?" आबा म्हणाले. "माझा गिलास कुठं हाय?"

गवळ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या बघण्यावरून मला कळलं की हे आज पहिल्यांदा घडत नव्हतं. त्यानं मुकाट्यानं पेला आबांच्या नाकासमोर नेला आणि आबांनी तो घेतला, जणू आत्ताच भरला होता. मी त्यांच्या बाजूला सरकले आणि माझा हात त्यांच्या कानाजवळ, डोळ्याच्या रेषेत उचलला. बोटं हलवली. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. ते दूध पीत होते. मी दुसऱ्या बाजूला गेले, पुन्हा तसंच केलं. पुन्हा काही नाही. मी हात खाली घेतला. हा माणूस वर्तमानपत्र वाचता वाचता माझ्या ताटातली भाजी बघायचा.

घरी आल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं. आबांशी आडून बोललं की ते जास्त चिडतात. ते आधी माझ्यावर, मग गवळ्यावर, मग सगळ्या जगावर संतापले. अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती ना, मग? शेवटी म्हणाले, चल, कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं तिकडं ने, दाखवतोच तुला.

डॉक्टर तरुण बाई होत्या, आबांना काका म्हणत होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, यंत्रांना हनुवटी टेकवून आत बघितलं, एका गोल यंत्रात दिवे लावून तपासलं. त्या यंत्रातून उठल्यावर आबांनी मला हळूच सांगितलं की यंत्र बिघडलंय, त्यात मधलेच दिवे लागतात. मग डॉक्टर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडं बघा म्हणाल्या, बाजूनं बोटं दिसली की सांगा. मी भिंतीला टेकून उभी होते, मला सगळं दिसत होतं. आबा ताठ बसले होते, लाइनवर उभे असल्यासारखे, नजर पुढं. डॉक्टरांनी हात लांब केला आणि बोटं हलवायला सुरुवात केली. आबा गप्प. त्या बोटं हलवत हलवत आत आणत राहिल्या. आबांचा धीर सुटला.

"दाखवा की आता," ते म्हणाले. "किती वेळ बसवून ठेवणार माणसाला?"

डॉक्टरांची बोटं अजून हलत होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि बरंच झालं, कारण माझे डोळे वाहत होते.

काचबिंदू. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा रोग आवाज करत नाही, दुखत नाही. आधी कडा खातो, मधलं चित्र शेवटपर्यंत लख्ख ठेवतो, म्हणून चष्म्याच्या दुकानात तो सापडत नाही. गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते टिकवता येईल, रोज न चुकता थेंब घातले तर. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. हे कधीपास्नं असंल? डॉक्टर म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही काका, काही वर्षं तरी झाली असतील.

आम्ही रिक्षानं परत निघालो. रंकाळा तलावाच्या वळणावर आबा म्हणाले, मग बॉल बाहेरच गेला असणार. मी म्हटलं, जाऊ द्या की आबा, व्हिडिओतल्या त्या बॉलचं काय एवढं. ते म्हणाले, त्यो न्हाई गं. त्यो तर गेलाच. आदीचं म्हणतोय मी. झेंडा हातात हुता तवाचं.

मी डोळ्यांचा विचार करत होते. ते दुसरंच काहीतरी मोजत होते. ज्या रेषेवर त्यांनी अख्खी उमर काढली, तिच्यावर दिलेला एकेक निकाल ते मनात परत उघडत होते. कुठल्या सामन्यात झेंडा वर केला, कुठल्यात केला नाही, कोण रडलं, कुणी शिवी दिली. आणि त्या शिव्या देणाऱ्यांत कोण खरा होता. उभ्या गावावर संशय घेणारा माणूस, त्या संध्याकाळी स्वतःवर घ्यायला लागला. मला त्या रोगाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

आता रोज थेंब असतात. बाटलीचं सील ते मला त्यांच्यासमोर तोडायला लावतात, अगदी नाकासमोर धरून. गवळीही पेला समोरून देतो. सामना असला की आम्ही कोचाच्या मधोमध, चिकटून बसतो. आबा पहिल्यासारखं ओरडत नाहीत. बॉल कडेला गेला की मला विचारतात, तुलाबी काळंच दिसालंय काय गं तितं? मी हो म्हणते. ते खोटं नाही, कोपरे काळेच आहेत. मग ते मान हलवतात आणि टीव्हीला एखादी शिवी घालतात, आणि ती ऐकून मला बरं वाटतं.

परवा असाच सामना चालू असताना फोन आला. गोड आवाजाची तीच बाई. मॅडम, अभिनंदन, तुमची तक्रार मान्य झाली आहे, कंपनी पूर्ण पॅनेल, म्हणजे अख्खा पडदाच, बदलून देणार आहे, नवीन, एकदम वरच्या श्रेणीचं, कोपऱ्यापर्यंत उजेड असलेलं. माणूस उद्याच पाठवते. इतके महिने ज्याच्यासाठी मी भांडले ते हेच. मी पडद्याकडं बघितलं. त्या मळकट कोपऱ्यांकडं बघितलं. आणि माझ्या मनात आलं, हे कोपरे उजळले की जो अंधार उरेल तो सगळाच्या सगळा आबांचा असेल. आज त्यातला किती टीव्हीचा आणि किती त्यांचा, हे कुणाला वेगळं काढता येत नाही.

मी म्हटलं, नको. बाई गोंधळली. मी पुन्हा नको म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणत हुती?" आबांनी विचारलं.

"पॅनेल बदलून देतो म्हणत होती."

"मग नको का म्हणालीस?"

"बंद खोक्यात येणार ते. आत काय असेल कुणी बघितलंय?"

आबांनी पूर्ण मान वळवली. आता कुणाकडं बघायचं तर त्यांना अशीच वळवावी लागते. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, सही ताडून बघावी तसे, आणि मी नजर चुकवली नाही.

"बरं केलंस," ते म्हणाले. "बंद खोक्यातलं नकोच."

मान परत सरळ झाली. पडद्यावर बॉल डाव्या कोपऱ्यात गेला, विंगवरचा पोरगा त्याच्यामागं पळाला. बॉल रेषेवर होता, पोरानं तो पायानं आत ओढला. अंधुक होतं, पण मला नीट दिसलं.

"दिसला काय गं तुला?" आबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "टीव्हीच तसला आहे आपला."